सगळ्याच अळ्या नुसत्या 'प्रवासी' नसतात

वर एकांनी लिहिलंय की मेफ्लायच्या (पिल्लं पाण्यात वाढणारा एक नाजूक कीटक) पिल्लांवर दिसणाऱ्या कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशा) अळ्या फक्त पाठीवर बसून फिरतात, यजमानाला त्रास देत नाहीत. काही जातींबाबत हे खरंच आहे. युरोपातल्या ओढ्यांच्या तळाशी वाळूत बिळं करून राहणाऱ्या एफेमेरा डॅनिका या मेफ्लायच्या पिल्लांच्या अंगावर एपॉइकोक्लेडियस या कायरोनोमिडची अळी असते. ती तिथे साचलेला गाळ आणि सेंद्रिय कण खाते.

पण सिम्बिओक्लेडियस रिथ्रोजेनी ही कायरोनोमिड जात कृपया त्यात धरू नका. ही युरोपातल्या डोंगराळ, वेगवान ओढ्यांतली. दगडाला चपटं चिकटून राहणाऱ्या रिथ्रोजेनासारख्या मेफ्लायच्या पिल्लांच्या पाठीवर, पुढे पंख होणार त्या कोंबांखाली ती शिरते. कातडी भेदून यजमानाचं रक्तद्रव पिते आणि कोषही तिथेच करते. अशा पिल्लाची जननेंद्रियं नीट वाढत नाहीत, आणि बहुतेकदा ते पंख फुटायच्या आधीच मरतं. याला सहवास कसं म्हणायचं? हा सरळ परजीवीपणा आहे.

अमेरिकेत अॅपलाचियन भागात नॅनोक्लेडियस या कायरोनोमिडच्या काही अळ्या टेरोनार्सिस या मोठ्या स्टोनफ्लायच्या (पिल्लं पाण्यात वाढणारा आणखी एक कीटक) पिल्लांच्या कल्ल्यांपाशी रेशमी नळी विणून राहतात.

या सगळ्यांपुढची खरी अडचण म्हणजे यजमानाची कात. जुन्या कातीबरोबर वाहून जायचं नसेल, तर वेळेत नव्या अंगावर सरकावं लागतं.

नमुने तपासणाऱ्यांनी पिल्लू अल्कोहोलमध्ये टाकण्याआधीच पंखांचे कोंब हलकेच उचलून भिंगाखाली बघावेत. सैल बसलेली अळी नंतर बाटलीच्या तळाशी सुटी सापडते, आणि ती कुणाच्या अंगावर होती हे कळायला मार्ग राहत नाही.