मदत हवी आहे: हनिमूनसाठी कॅमेरा कोणता, कॅनन आर५० की १५००डी?

मंडळी, लग्न वैशाखात आहे अन् जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मुन्नार-अलेप्पीला जाणार. तिकडे तेव्हाच पाऊस लागतो. बजेट लेन्ससकट ७० हजार, वर फारसं ताणता येणार नाही. फोन चांगला आहे, पण कमी उजेडात चेहरे पुसट येतात, म्हणूनच कॅमेरा घेतोय. व्हिडिओ नको, फोटोच.

चुलतभावाचा १५००डी गावातल्या एका लग्नात वापरून पाहिला. फोटो आवडले, पण ४७५ ग्रॅम बॉडी अन् वर लेन्स, दिवसभर गळ्यात जड होते. अमरावतीच्या दुकानात आर५० हातात घेतला. ३७५ ग्रॅम, होणाऱ्या बायकोलाही लगेच जमला. सोनी झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. आपल्याकडच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून तो बाद. सेकंडहँडही नको, गावाजवळ दुरुस्तीवाला कोणी नाही.

अडलंय ते इथं. आर५० घेतला तर सोबतच्या १८-४५ लेन्सवरच भागवावं लागेल, अन् ती ४५ला, म्हणजे पूर्ण झूमवर, एफ/६.३ होते, उजेड कमी आत येतो. १५००डी घेतला तर ५० एमएम एफ/१.८ ही भरपूर उजेड घेणारी लेन्स बजेटात बसते, पण त्या बॉडीवर ती ८० सारखी दिसते, म्हणजे सगळं जवळ येतं अन् फ्रेममध्ये कमी मावतं, हाउसबोटीच्या खोलीत मागं सरकायला जागा कुठून आणायची?

आर५० किट लेन्सवर संध्याकाळी, घरातल्या उजेडात वापरणाऱ्यांनी सांगा: आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग) कितीपर्यंत वाढवता, अन् ते फोटो ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला चालतात का?