अनुभव धागा : तुमचे दोन डॉलर कोण मागत होतं?

शनिवारी पावसाने घोडबंदर रोडची वाट लावली होती, त्यामुळे लेकीबरोबर घरीच बसून 'बेटर ऑफ डेड' पाहिला. १९८५चा, सॅव्हेज स्टीव्ह हॉलंडचा पहिला सिनेमा. जॉन क्युझॅक अगदी कोवळा. मैत्रीण त्याला सोडून स्कीइंग टीमच्या कॅप्टनकडे जाते, एवढीच गोष्ट. पण भोवती सगळा वेडेपणा! आईने रांधलेला पदार्थ ताटातून सरपटत निघतो, धाकटा भाऊ चकार शब्द न काढता घरात अंतराळयान बनवतो, आणि पेपर टाकणारा पोरगा दोन डॉलरच्या उधारीसाठी सायकल घेऊन बर्फाच्या डोंगरापर्यंत पाठलाग करतो. मला तो पोरगाच सगळ्यात खरा वाटला. आपलं जग बुडालेलं असतं आणि कुणीतरी दारात बिल घेऊन उभं असतं.

तर लिहा. पहिला प्रेमभंग झाला तेव्हा तुमच्या दारात कोण उभं होतं? नावं नकोत, गावं चालतील.

नौपाडाकर : तलावपाळी, पेडल बोट, बारावीची सुट्टी. तिने बरोबर तळ्याच्या मध्यावर सांगितलं, "आपण थांबूया." मी आधी पाय थांबवले. मला वाटलं बोटीबद्दल बोलतेय. नंतर ट्यूब पेटली. सुकाणूचा दांडा दोघांच्या मध्ये, तो कुणीच धरेना. मी रागाने पाय मारतोय आणि बोट जागच्या जागी गोल. एकदा समोर गडकरी रंगायतन, एकदा तळ्यातलं महादेवाचं देऊळ, परत रंगायतन. काठावरून बोटवाला भोंग्यातून ओरडतोय, "बारा नंबर, टाइम झाला! जादा पैसे पडतील!" कठड्यावर चणे खाणारी मंडळी आमच्याकडे बघून हसत होती. शेवटी तीच म्हणाली, "दांडा धर, मी पाय मारते." इतकं शिस्तीत आम्ही त्याआधी कधीच काही केलं नव्हतं.

तुर्भे स्लो : डोळे भरलेले, त्यामुळे ठाण्याहून वाशीऐवजी पनवेल गाडीत चढलो. जुईनगर गेलं तरी कळलं नाही. पास वाशीपर्यंतचा. नेरूळला टीसी. त्याने चेहरा बघून विचारलं, "काय झालं रे?" मी सगळं सांगितलं, अगदी पहिल्या व्हॅलेंटाइनपासून. त्याने शांतपणे ऐकलं, "होतं असं" म्हणाला आणि २५० दंड अधिक भाडं अशी पावती फाडली.

कोपरी पूर्व : आई. "रडून झालं असेल तर गिरणीतून दळण आण."

दोन मुलांची आई : सिनेमा मीही पाहिलाय, हसलेही. पण नायक सारखा जीव द्यायला निघतो आणि दर वेळी त्याचा फज्जा उडतो, हा विनोद मला पचला नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला तो एकट्याला लावून देणार नाही. शेजारी बसेन. बाकी गाडी दुरुस्त करणारी ती फ्रेंच मुलगी फर्मास!

नेरूळ सेक्टरवाली : वर लिहिलेल्या फ्रेंच मुलीवरून आठवलं. तो गेला त्या आठवड्यात मी बाबांची बंद पडलेली स्कूटर काढली. प्लग काढून पॉलिश पेपरने घासला, चोक ओढला, गाडी तिरकी केली, सरळ केली, किक. शंभरेक किका झाल्या असतील, पोटरी काळीनिळी. आणि दर संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू हजर : "सोसायटीच्या गणपतीची वर्गणी राहिलीय हं तुमची." चौथ्या दिवशी स्कूटर सुरू झाली, काकू धुरात दिसेनाशा झाल्या. त्यांनी खोकतच विचारलं, "चालवता येते? मग चल, मागच्या सेक्टरची वर्गणी बाकी आहे." पावतीपुस्तक माझ्या हातात, काकू मागे बसलेल्या. तिसरं घर त्याचं निघालं. दार त्यानेच उघडलं. त्याने एक्कावन्न पुढे केले. काकू म्हणाल्या, "मागच्या वर्षी एकशे एक होते." मी नाव विचारून पावती लिहिली.

धागाकर्ती : नाव विचारलंत!! जबरदस्त. @नौपाडाकर, जादा पैसे कोणी दिले ते राहिलंच.

नौपाडाकर : अर्धे अर्धे. तिच्याकडे सुट्टे नव्हते, माझे पाच रुपये अजून बाकी आहेत.