एका ड्यूकने व्हेनिसची २४ चित्रं एकाच माणसाकडून कशाला घेतली?

ओलीछत्री
लोकहो, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. २०२२ मध्ये ग्रिनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये कानालेत्तोची (अठराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार) व्हेनिसची २४ चित्रं एकत्र लावली होती, बेडफर्डच्या ड्यूकच्या घराण्याची, एरवी त्यांच्या वोबर्न ॲबी ह्या वाड्यात असतात ती. आई तेव्हा इकडे लंडनला आलेली, तिला घेऊन गेले. पाचव्या-सहाव्या चित्रानंतर म्हणते, "अगं सगळं तेच आहे की, पाणी, होडी, वाडे." मी तिला गप्प केलं खरं पण मलाही तेच वाटत होतं 😅 हा शौक होता, दिखावा होता की गुंतवणूक? आणि ड्यूकने चित्रकाराला बोलावून "आता ह्या पुलाचं काढ" असं सांगितलं असेल का? अजून एक, धुराडी सगळी नरसाळ्यासारखी वर रुंद का आहेत, हा आईचा प्रश्न.

जुना_नकाशा
धुराड्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ठिणग्या आतच अडकाव्यात म्हणून तसा आकार, घरं एकमेकांना चिकटून आणि आत लाकूड भरपूर, आग लागली की गल्लीच्या गल्ली जायची. आईंची नजर चांगली आहे.

आता ड्यूक. हा चौथा ड्यूक, जन्म १७१०, व्हेनिसला गेला तेव्हा विशीतला पोरगा, नुसता लॉर्ड जॉन रसेल. भाऊ वारला आणि १७३२ मध्ये हा ड्यूक झाला. त्या काळी इंग्रज सरदारांची पोरं शिक्षण संपलं की इटलीला फिरायला जायची आणि व्हेनिस म्हणजे त्यातला मौजमजेचा मुक्काम, तिथून परत येताना काहीतरी आणायचं हे ठरलेलं, आपण फ्रिजवर मॅग्नेट लावतो तेच, फक्त खिसा मोठा. चित्रं आधी लंडनच्या बेडफर्ड हाऊसमध्ये होती, ते पाडलं तेव्हा वोबर्नला गेली आणि तिथे जेवायच्या खोलीत लागली. म्हणजे पाहुणे सूप पिताहेत आणि चारी भिंतींवर ग्रँड कॅनॉल, व्हेनिसचा मुख्य कालवा. आईंनी ती एकामागून एक रांगेत बघितली म्हणून कंटाळल्या, ती खोलीसाठी केलेली आहेत, मधोमध बसलं की शहराच्या आत बसल्यासारखं वाटावं म्हणून.

आणि ड्यूकने समोर बसवून वगैरे काही नाही. मध्ये जोसेफ स्मिथ नावाचा इंग्रज व्यापारी होता, व्हेनिसमध्येच राहायचा, पुढे १७४४ मध्ये तिथलाच कॉन्सल, म्हणजे ब्रिटनचा प्रतिनिधी झाला. ऑर्डर घेणं, पैसे, माल पाठवणं सगळं त्याच्याकडे. १७३५ मध्ये त्याने आपल्याकडच्या कानालेत्तोच्या १४ चित्रांवरून विझेंतिनी नावाच्या छाप कोरणाऱ्याकडून छाप काढून पुस्तक केलं आणि मुखपृष्ठावरच लिहिलं की मूळ चित्रं स्मिथच्या घरी आहेत. म्हणजे कॅटलॉगच हो.

सिव्हिलवाला_काका
ही चित्रं "फोटोसारखी" आहेत असं बरेच जण म्हणतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत, मला गंमत त्यातच वाटते. एक, ह्या चित्रांत वाड्यांच्या भिंतींवर पाण्याच्या वर शेवाळाचा हिरवट-तपकिरी पट्टा दिसतो, तो इतका नेमका रंगवलाय की इटालियन शास्त्रज्ञांनी कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेल्लोत्तो यांच्या चित्रांतला पट्टा आजच्या पट्ट्याशी ताडून व्हेनिस साधारण ६० सेमी पाण्यात गेलंय असा हिशोब काढला! आम्ही साइटवर ओलाव्याची रेघ बघतो तसंच.

दुसरी गोष्ट, हाच कानालेत्तो तीन-चार जागांवरून काढलेली स्केचेस एकात जोडून असा देखावा करायचा की कुठल्याही एका खिडकीतून तो दिसणारच नाही. कालवा रुंद, इमारती थोड्या सरकवलेल्या. व्हेनिसच्या ॲकॅडेमिया ह्या चित्रसंग्रहालयात त्याची एक वही आहे, तिच्यात दर्शनी भिंतींच्या रेघा आणि बाजूला कुठला रंग, कुठलं दुकान हेही टिपलंय. तपशील खरा, मांडणी त्याची. कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरचं दृश्य आत कागदावर पाडणारी पेटी) वापरला असेल पण सगळं काम त्या पेटीनेच केलं हे काही पटत नाही.

कॉफी_गार
थोडं बोलू का. ड्यूकच्या ह्या खरेदीला चित्रकाराला दिलेला "आश्रय" म्हणावं का हाच मला प्रश्न आहे. बेडफर्डने एक मोठी ऑर्डर दिली, झालं. खरा आश्रयदाता बघायचा तर फील्ड मार्शल शूलेनबुर्ग, जर्मन सरदार, १७१६ मध्ये तुर्कांपासून व्हेनिसच्या ताब्यातलं कोर्फू बेट वाचवलं म्हणून व्हेनिसने त्याला तहहयात पेन्शन दिली, तो तिथेच राहिला आणि शेकडो चित्रं जमवली. जान अँतोनिओ ग्वार्दीला दरमहा पैसे देऊन ठेवलेलं, म्हणजे अक्षरशः पगारी चित्रकार. त्याने घेतलेलं कानालेत्तोचं "रिवा देली स्किआवोनी" लंडनमध्येच सर जॉन सोन म्युझियमला आहे, तिकीट नाही, ओलीछत्रीताई जाऊन बघा.

पण स्मिथला नुसता दलाल म्हणायलाही मी तयार नाही. स्वतःसाठीही त्याने इतकं घेतलं की १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जने त्याचा सगळा संग्रह, पुस्तकांसकट, २०,००० पौंडांना घेतला तेव्हा त्यात कानालेत्तोची सुमारे ५० चित्रं आणि १४० च्या वर रेखाटनं होती.

गिऱ्हाईक बाहेरचं असलं की काय होतं ते पुढे दिसतं. १७४० च्या दशकात ऑस्ट्रियन वारसायुद्ध पेटलं, इंग्रज पर्यटक आटले, आणि १७४६ मध्ये बिचारा कानालेत्तो स्वतःच लंडनला गेला गिऱ्हाइकांच्या मागे. तिथे लोक म्हणायला लागले हा खरा कानालेत्तो नव्हेच! १७४९ मध्ये पेपरात जाहिरात द्यावी लागली, या माझ्या बिऱ्हाडी आणि चित्र बघून जा. आणि घरच्यांचं बघा, व्हेनिसच्या ॲकॅडमीने, म्हणजे तिथल्या चित्रकारांच्या संस्थेने, त्याला घेतलं १७६३ मध्ये, मरायच्या पाच वर्षं आधी. शहराचे देखावे म्हणजे दुय्यम काम, देवदेवता आणि इतिहास रंगवणारे मोठे.

ओलीछत्री
अरे बापरे, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. आईला फोनवर धुराड्याचं उत्तर वाचून दाखवलं, खूश. जेवायच्या खोलीचं सांगितलं तर म्हणाली चार भिंतींवर पाणी बघत जेवायचं म्हणजे भूक तरी लागते का. सोनला ह्या शनिवारी जाते, आईला व्हिडिओ कॉलवर घेईन, आत फोन चालत असेल तर.