ॲनिमेशनपटात प्रकाशाने किती बोलावे?

छायाप्रकाश (सदाशिव पेठ)
प्रत्यक्ष चित्रीकरणात सूर्य, खिडकी, भिंतीचा रंग या गोष्टी कॅमेऱ्याच्या आधीच हजर असतात. ॲनिमेशनमध्ये मात्र कोणी ठरवल्याखेरीज कवडसासुद्धा पडत नाही; म्हणूनच तिथली प्रत्येक सावली हा दिग्दर्शकाचा निर्णय असतो, असे माझे ठाम मत आहे. आपल्या पुण्यातले विद्यार्थी मात्र प्रकाशयोजना सर्वांत शेवटी उरकतात. नुकतेच एका विद्यार्थ्याचे दृश्य पाहिले: जुन्या वाड्याच्या माजघरात एकटी आजी परदेशातल्या मुलाचे पत्र वाचते आहे. सावल्या उजळण्यासाठी त्याने फिल लाइट इतका वाढवला होता, की फडताळाखालचा कोपराही लख्ख दिसत होता. वाड्यात उजेड चौकातून उतरतो, ओसरी ओलांडतो आणि माजघरात पोहोचेपर्यंत मंदावतो. तो केवळ पत्रावर आणि आजीच्या बोटांवर ठेवला असता, तर तिचे एकटेपण एका शब्दाविना कळले असते.

रेषा_कोथरूड
मी असहमत आहे. एकटेपण आजीच्या बसण्यातून, पत्र धरण्याच्या ढबीतून दिसायला हवे. ते तिथे नसेल तर अंधार केल्याने येणार नाही. जर्मन दिग्दर्शिका लोटे रायनिगर यांच्या १९२६ च्या ‘प्रिन्स अहमद’ या ॲनिमेशनपटामध्ये पात्रे काळ्या कागदाची कापलेली आहेत. चेहऱ्यावर उजेडाचा ठिपकाही नाही, तरीही भाव पोहोचतात. उलट आज दुःख म्हटले की निळा आणि माया म्हटली की नारिंगी उजेड, हा साचा झाला आहे, आणि त्याआड कच्चा अभिनय खपून जातो.

छायाप्रकाश (सदाशिव पेठ)
साच्याबद्दलची तक्रार रास्त आहे. पण रायनिगर यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण त्या आकृत्या काचेच्या टेबलावर ठेवून खालून उजेड दिला जाई. तो नसता तर त्यांची बाह्यरेषा उमटलीच नसती. ‘बॅम्बी’मध्ये (१९४२) चित्रकार टायरस वाँग यांच्या शैलीमुळे जंगलाचे तपशील धूसर राहतात आणि नजर आपोआप उजळ मोकळ्या जागेतल्या हरणाकडे जाते. तिथे काय दाखवायचे नाही, हेसुद्धा प्रकाशानेच ठरवले आहे.

रेंडर_रात्रपाळी
सगळाच उजेड कोणीतरी ठरवलेला असतो, हे आता पूर्णपणे खरे नाही. ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’पासून (२०१३) पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओने ग्लोबल इल्युमिनेशन हे तंत्र वापरले, त्यात भिंतीवरून परतणारा उजेड संगणकच मोजतो. त्यामुळे दृश्य विनासायास खरे वाटते, पण अर्थपूर्ण होतेच असे नाही. नको तिथला उजेड काढणे हेच आता कलावंताचे मोठे काम झाले आहे. ‘क्लाउस’मध्ये (२०१९) हाताने रेखाटलेल्या पात्रांवर कलावंतांनी छायाप्रकाश चढवला आणि तो कुठे थांबवायचा हा अधिकार स्वतःकडे ठेवला, म्हणून मला ती वाट अधिक पटते.

रेषा_कोथरूड
हे मान्य. तरीही त्या आजीबद्दल माझा आग्रह कायम आहे: फिल लाइट जरूर कमी करा, पण पत्राच्या शेवटच्या ओळीवर तिची नजर थबकते तेव्हा डोळ्यांतली चमक टिकेल एवढा उजेड चेहऱ्यावर ठेवा. केवळ बोटे उजळलीत, तर पत्रात काय लिहिले होते हे प्रेक्षकाला कळणारच नाही.