प्रति: क्षमा आधी की अट आधी?

ख्रिस्ती धर्मात पापाची कबुली दिली की सगळं माफ, मग नीतीला अर्थ काय, हा आक्षेप मला पटत नाही. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी, म्हणजे सणाआधी, नऊ दिवस नोव्हेना ही प्रार्थना चालते, तेव्हा कबुलीसाठी लागलेल्या रांगा आपण सगळे पाहतो. पण कॅथलिक शिकवणीनुसार नुसतं सांगून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि चोरी केली असेल तर तो ऐवज शक्य तितका परत करावाच लागतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय पाहा. येशू त्याच्याकडे आपणहून उतरतो, कुठलीही अट न घालता. त्यानंतर जक्कय स्वतःच म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. क्रम महत्त्वाचा आहे: स्वीकार आधी, हिशेब नंतर. पण हिशेब सुटत नाही.

मत्तयच्या अकराव्या अध्यायातही तेच. भाराक्रांतांना विसावा देईन म्हणणारा येशू लगेच पुढच्या ओळीत 'माझे जू आपणांवर घ्या' म्हणतो.

खरी अडचण उपदेश करणाऱ्याची असते, असं मला वाटतं: कुणाला दिलासा द्यायचा आणि कुणाला हिशेब सांगायचा. मूल गमावलेल्या आईला आज्ञा ऐकवणं क्रूरपणा आहे. आणि मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला) घराबाहेर काढू पाहणाऱ्या भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, फक्त देवाच्या प्रेमाचं आश्वासन देणं, हा त्या मुंडकारावरच अन्याय आहे.