दोन चुंबकीय थरांची गती वेगवेगळी मोजण्यासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न
नमस्कार. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर पर्मअलॉय (निकेल-लोहाचा मिश्रधातू), त्यावर तांबे आणि सर्वांत वर कोबाल्ट-लोह अशी फिल्म आम्ही तयार केली आहे. सूक्ष्मलहरींचे शोषण मोजणाऱ्या नेटवर्क अ‍ॅनलायझरवर ४ गिगाहर्ट्झला फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स (सूक्ष्मलहरींच्या तालावर थराचे चुंबकन जोराने फिरू लागणे) दिसतो, परंतु त्यात कोणत्या थराचा किती वाटा आहे, हे कळत नाही. क्ष-किरणांनी ते वेगळे करण्यासाठी फेम्टोसेकंद, म्हणजे अत्यंत अल्पकाळाच्या, स्पंदांची सोय लागेल का, की साधा सिंक्रोट्रॉन (वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण देणारे यंत्र) पुरेल?

पहिला प्रतिसाद
साधा सिंक्रोट्रॉन पुरेल. ४ गिगाहर्ट्झचे एक आवर्तन २५० पिकोसेकंदांचे असते आणि सिंक्रोट्रॉनचा स्पंद काही दशक पिकोसेकंदांचा, त्यामुळे फिरणारे चुंबकन त्यात नीट टिपता येते. लेझरच्या धक्क्याने पिकोसेकंदाहून कमी वेळात चुंबकन ढासळते तो प्रश्न निराळा. फेम्टोसेकंद स्पंद तिथे लागतात. मोजणी मात्र लोहाच्या ७०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या शोषणरेषेवर मुळीच करू नका, कारण लोह आपल्या दोन्ही थरांत आहे. पर्मअलॉयसाठी निकेलची ८५३ आणि दुसऱ्या थरासाठी कोबाल्टची ७७८ ही ऊर्जा घ्या. वर्तुळाकार ध्रुवित किरणांचे शोषण चुंबकनाच्या दिशेनुसार बदलते, म्हणून प्रत्येक थराची हालचाल स्वतंत्र दिसते.

दुसरा प्रतिसाद
वरील मताशी मी सहमत आहे. वारंवारता मात्र मनाला येईल ती निवडता येत नाही. सिंक्रोट्रॉनच्या साठवण-वलयाचे घड्याळ ५०० मेगाहर्ट्झचे असेल तर सूक्ष्मलहरी त्याच्या पूर्णांक पटीत ठेवाव्या लागतात, म्हणजे दर २ नॅनोसेकंदांनी येणाऱ्या प्रत्येक स्पंदाला चुंबकन त्याच कलेत (आवर्तनाच्या त्याच टप्प्यावर) सापडते. मग सूक्ष्मलहरी आणि स्पंद यांच्यातील विलंब थोडाथोडा वाढवत संपूर्ण आवर्तन रेखाटायचे. आपले ४ गिगाहर्ट्झ या अटीत बसतात. १० गिगाहर्ट्झला आवर्तन १०० पिकोसेकंदांवर येते आणि स्पंदाच्या लांबीमुळे संकेत पुसट होतो, म्हणून तिकडे लगेच वळू नये.

आपला आधारस्फटिक या कामाला सोयीचा आहे. मृदू क्ष-किरण त्याच्या आरपार जात नाहीत, परंतु फिल्ममधून पार झालेल्या किरणांनी तो दृश्य प्रकाशाने उजळतो आणि मागे ठेवलेल्या फोटोडायोडवर तो प्रकाश मोजता येतो. फिल्मपर्यंत सूक्ष्मलहरी नेणाऱ्या वेव्हगाइडच्या मधल्या पट्टीला किरणांसाठी छिद्र ठेवा आणि फिल्मची बाजू पट्टीकडे करा.

माझ्या मते खरी माहिती कलेत आहे. एका थराचा रेझोनन्स ओलांडताना त्याची कला १८० अंशांनी बदलते. त्याच चुंबकीय क्षेत्रात दुसऱ्या थराच्या कलेलाही हेलकावा बसला, तर तांब्यातून दोघांत काही देवाणघेवाण होते आहे असे समजावे. सिंक्रोट्रॉनवर वेळ मागण्याच्या अर्जात याच मोजणीवर भर द्या.