विनोदी मालिकेने कधी थांबावं?

सातपूरकर
'साराभाई व्हर्सेस साराभाई' परत बघायला घेतली. स्टार वनवर २००४ ते २००६ चालली आणि संपली. त्यातल्या सासूने, मायाने, सुनेला, मोनिशाला 'मिडल क्लास' म्हटलं की आमचं घर आजही हसतं. उलट 'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८ पासून चालूच आहे, चार हजारांवर भाग झाले. २०१७ मध्ये दयाबेन मालिकेतून गेली. ती परत येणार, येणार म्हणत किती ताणलं! टप्पूचं काम करणारा आता तिसरा मुलगा आहे. विनोदी मालिकेचा शेवट आधीच ठरलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. बीबीसीच्या 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ मध्ये सहा भाग आले, १९७९ मध्ये सहा. बस्स! त्यातला एकही भरीचा नाही.

इंदिरानगरची सून
दादा, अजिबात पटलं नाही. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे काळारामाचं दर्शनही सुटलंय. रात्री साडेआठला ताट घेऊन बसतात तेव्हा त्यांना नवा विनोद नको असतो, जेठालाल हवा असतो. तुमचे बारा भाग त्यांना बारा दिवस पुरतील.

पडद्यामागे
हौशी नाटकं लिहितो, म्हणून बोलतो. खरा प्रश्न भागांच्या संख्येचा नाही, लिहायला मिळणाऱ्या वेळाचा आहे. रोजच्या मालिकेत आज चुकलेला प्रसंग सुधारायला उद्याचा दिवस नसतो, उद्या पुढचा भाग उभा असतो. पण सातपूरकर, थांबल्यानेही सगळं साधत नाही. 'साराभाई' २०१७ मध्ये हॉटस्टारवर परत आली, तेच नट, तीच माणसं. मला तरी ती जुनी मजा आली नाही.

कॉलेजरोड
दुसऱ्या सीझनबद्दल सहमत. दोन भाग बघून सोडला.

सातपूरकर
तो दुसरा सीझन मीही पुन्हा लावत नाही, मान्य. पण ताई, सोबतच हवी असेल तर जुने भाग आहेतच की. माझी आई दयाबेनचेच भाग बघते. नवा लागला की उठून स्वयंपाकघरात जाते.

इंदिरानगरची सून
सासूबाईंना आत्ताच विचारलं. जुने भाग त्यांनाही जास्त आवडतात. पण नवा भाग संपला की त्या पंचवटीतल्या बहिणीला फोन लावतात, आज काय झालं ते दोघी अर्धा तास बोलतात. जुन्या भागानंतर फोन होत नाही.